गोठ्याकडची वाट

एस्तेरने टाचेवरचं जुनं गॉज सलाईनच्या पाण्याने भिजवलं आणि हळूहळू सोडवायला घेतलं. महिपती आबांनी खाटेची कड घट्ट धरली.

"दुखतंय, आबा?"

"लई. सिस्टर, तुझ्या देवाला सांग की जरा. ह्यो ठणका थांबव म्हणावं."

एस्तेर मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. निवृत्त होऊन निमगाव केतकीला परतल्यावर आठवडी बाजारात तिने आबांना लंगडताना पाहिलं. तिथेच खाली बसून तिने त्यांचा पाय बघितला. शुगरची जखम होती. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी येऊ लागली. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि या कामाचं ती काही घेतही नव्हती. आता जखम भरत आली होती. कडेने कोवळं, गुलाबी मांस धरू लागलं होतं.

तिने डोळे मिटले. "प्रभू, आबांचं दुखणं हलकं कर," एवढंच ती पुटपुटली.

डोळे उघडले तेव्हा दारात आबांचा मुलगा रणजित उभा होता. तो ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उमेदवार होता. त्याच्या मागे त्याच्या पॅनेलचे गेणबा होते.

"बघा," गेणबा म्हणाले. "गावात उगंच बोलत न्हाईत. पट्टीच्या नावाखाली आबांना बाटवायचं चाललंय."

रणजित खाटेजवळ आला. "आबा, ही बाई रोज असलं करती? तुमीच सांगितलं व्हतं का हिला?"

आबांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा गेणबांकडे. मग ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी कशाला सांगू? तीच काय तरी पुटपुटती. मला कुठं कळतंय त्यातलं."

एस्तेरच्या हातात नवं गॉज तसंच राहिलं. आजारी माणसाला त्याच्याच पोरासमोर खोटं पाडणं तिच्या जिवावर आलं.

"उठा बाई," रणजित म्हणाला. "उद्यापासनं येऊ नका."

"पट्टी तेवढी बांधू द्या. जखम उघडी हाय."

"आमचं आमी बघू."

ती उठली. दारापर्यंत जाताना आबा काहीतरी बोलतील असं तिला वाटत होतं. ते बोलले नाहीत.

घरी नवऱ्याला, शांतवनला, तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता बोलावलं तरी जाऊ नकोस." संध्याकाळच्या प्रार्थनेत एस्तेर गावातल्या आजाऱ्यांची नावं घ्यायची. त्या दिवशी तिने आबांचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

प्रचार जोरात असताना एका दुपारी रणजितची बायको अनिता घाईघाईने आली. पदर तोंडावर ओढलेला होता.

"सिस्टर, आबांच्या पायाला वास मारतोय. घरात बसवत न्हाय. तुमच्या हाताला गुण हाय, चला की." मग तिने मान खाली घातली. "पर समोरनं नका येऊ. गोठ्याकडनं या. माणसं बसल्याली असत्यात वसरीला."

शांतवनने पेपरातून मान वर केली नाही. एस्तेरने पिशवी उचलली.

ती म्हशींच्या मागून, शेणातून वाट काढत मागच्या दाराने आत गेली. आबांचा पाय जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला होता. तिने चिंधी सोडली. अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं काळी पडली होती.

"अनिता, ह्यांना आजच बारामतीला न्या. आत्ता."

"मी मालकांना म्हणलं व्हतं. मतदान झाल्यावर बघू म्हणत्यात. मधीच आबांना दवाखान्यात टाकलं तर प्रचार सोडून पळापळ व्हईल."

"मतदानापर्यंत पाय राहायचा न्हाय."

एस्तेर खाली बसली आणि तिने जखम धुवायला घेतली. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "त्या दिशीगत सांग की देवाला."

एस्तेरचा हात थांबला. "मोठ्यानं सांगू, आबा? वसरीला ऐकू जाईल असं?"

आबांनी गोधडी तोंडावर ओढली. गोधडीखाली त्यांचे खांदे हलत होते. ते पाहून एस्तेरला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचीच भीती वाटली. तिने मान खाली घालून पाय पुसला, औषध लावलं, पट्टी बांधली. प्रार्थना मनात आलीच नाही. तिने आणायचा प्रयत्नही केला नाही.

"नेशील ना आज?" तिने निघताना अनिताला पुन्हा विचारलं.

"सांगून बघते."

गोठ्यातल्या नळावर ती हात धुऊ लागली. मधल्या कुडापलीकडे, पुढच्या वसरीवर, चहाच्या कपांचा आवाज होत होता.

"आबा कसं हायत?" कुणीतरी विचारलं.

"हायत, बरं हायत," रणजितचा आवाज आला. "परक्याचा हात लावू देत न्हाय आमी. जखम धुण्यापासनं सगळं घरच्या घरी करतो."

"करायलाच पायजे," गेणबा म्हणाले. "आईबापाची सेवा घडायला नशीब लागतं, रणजितराव."

एस्तेरने नळ बंद केला. बाहेर जायची वाट वसरीवरून दिसत होती. ती मंडळी उठेपर्यंत ओले हात तसेच धरून ती म्हशीच्या आडोशाला उभी राहिली.