मावशींनी वाचलेली चिठ्ठी

"जीव नकोसा वाटला तर चिठ्ठी लिहा," असं सांगून समुपदेशक बाईंनी मुख्याध्यापकांच्या दारात पेटी टांगली, त्याला महिना झाला. पेटी रिकामीच.

"टाकताना अख्खी शाळा बघते, मावशी. तुम्ही टाका, तुम्हाला कुठं वाचता येतं?" आठवीतल्या मयुरीनं शाळेची खिचडी रांधणाऱ्या गोदामावशींच्या हातात घडीचा कागद कोंबला आणि ताट न घेताच ती फाटकाकडं निघाली.

मावशींना ते झोंबलं. दुसरीपर्यंत शिकल्या होत्या त्या! ठसक्यात कागद उघडून त्यांनी अक्षरं जुळवली: "म-ला... ज-गा-यचं... ना-ही."

खिचडीचा डाव हातातून गळाला. त्या धावल्या आणि मयुरीचं मनगट घट्ट धरलं.

"वाचता येतं मला, भवाने!" त्या म्हणाल्या. "चल बाईंकडं."

"सगळे बघतील."

"पुढं मी चालते. बघतील ते मला."