चकचकीत वांगी

वैजनाथ धापा टाकत जिने चढून आले आणि चपला न काढताच आत शिरले.

"वांगी खाल्ली का कुणी?"

त्यांची लेक शालन हिरवी साडी नेसून पाटावर बसली होती. सातवा महिना, आज डोहाळजेवण. ऑफिसातून तिनं मुद्दाम सुट्टी घेतली होती. पहिला घास अजून हातातच होता. वैजनाथांनी तिच्यापुढचं ताटच उचललं.

"अहो, हे काय भलतंच?" मथुराबाई म्हणाल्या. सकाळी वारज्याच्या शेतातून बिबवेवाडीला, लेकीच्या सासरी, ही वांगी त्यांनीच आणली होती.

"बांधाकडची तोडलीस ना? काल सांजच्याला औषध मारलंय तिथं. फोन लावला तर तुझा फोन घरीच वाजतोय, शालन उचलंना."

"मी मिठाच्या पाण्यात धुतलीत."

"धुऊन जात नाय ते. आत मुरतं."

विहिरीकडची ओळ घरच्या खाण्याची, तिला वैजनाथ कधी औषध लावत नसत. तिथलं वांगं अळीनं पोखरलेलं निघायचं. चिरताना तेवढं काढून टाकायचं, झालं. पण गेल्या खेपेला तसलंच एक वांगं उजेडात धरून, आतल्या अळ्या दाखवत विहीणबाई म्हणाल्या होत्या, "यांनाही पान वाढायचं का?" ते मथुराबाईंना फार लागलं होतं. म्हणून आज त्यांनी बांधाकडची, बाजाराला पाठवायची निवडली. चकचकीत, एकालाही भोक नसलेली.

"पोटात गेलं का गं काही?"

"नाही आबा." शालननं घास खाली ठेवला.

वैजनाथांच्या जिवात जीव आला.

विहीणबाईंनी, म्हणजे सुनीतीबाईंनी, गॅस बंद केला. जन्मभर शाळेत शिकवलेलं, आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

"फवारल्यावर किती दिवसांनी तोडायची असतात?"

"आठवडा तरी जाऊ द्यायचा."

"मग बाकीची अजून झाडावरच असतील."

वैजनाथांनी हातातलं ताट ओट्यावर ठेवलं.

"पहाटेच टेम्पो गेला, मार्केट यार्डात."

"अस्सं. म्हणजे आपण लेकीपुरतं धावत आलात."

वैजनाथांनी उरलेल्या वांग्यांची पिशवी उचलली आणि जिना उतरले.

खाली गल्लीत भाजीची हातगाडी उभी होती. एक बाई वांगं न् वांगं फिरवून बघत होती, भोक दिसलं की बाजूला टाकत होती. वैजनाथ तिथंच थबकले. तिनं टाकलेल्यातलं एक उचलून त्यांनी तिच्यापुढे धरलं.

"ताई, हे घ्या. हे बरं असतं."

बाईनं वांग्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"बरं असतं ना? मग तुम्हीच न्या की घरी," असं म्हणून तिनं चकचकीत वांगी तराजूत टाकली.