वीतभर मोठं

“केरबाच्या मशिनीपेक्षा वीतभर मोठं दाखवा,” आकाराम म्हणाला.

शाहूपुरीतल्या शोरूमचा यशराज हसला. “काका, आधी काम सांगा. नावाच्या पाट्या करता, का मोठे बोर्ड? काचेवर छापणार, का लाकडावर?”

त्याच्या मागं लहान-मोठी फ्लॅटबेड मशिनं मांडली होती. सपाट पाटावर वस्तू ठेवायची, वरून मशिनीचं डोकं फिरतं, आणि लाकूड असो वा फरशी, थेट रंगीत छपाई. आकारामच्या दुकानात येणारं मोठ्यातलं मोठं काम म्हणजे बंगल्याच्या फाटकावरची पाटी. त्याला सगळ्यात लहान मशीन पुरून उरलं असतं. यशराजनं तसं स्पष्ट सांगितलंही. पण आकारामचे कान त्या दिवशी घरीच राहिले होते.

“बरं, तुमच्या दुकानाचं दार केवढं आहे? मशीन सुटं करून आत नेता येत नाही. तेवढं मोजून या.”

“मोजलंय सगळं.”

मोजलं होतंच, पण केरबाचं मशीन. ते आलं त्या दिवशी केरबा चहा सांगायला बाहेर गेला तेवढ्यात आकारामनं या टोकापासून त्या टोकापर्यंत ते वितींनी मोजून घेतलं होतं. जन्म बोर्ड रंगवण्यात गेलेला, त्याची वीत टेपपेक्षा खरी. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. हा गडी शेजाऱ्याचं अंथरूण पाहून पसरत होता.

दोघं एकाच पेंटरच्या हाताखाली शिकलेले. शिवाजी पेठेत एकाच गल्लीत, समोरासमोर दुकानं. ब्रश गेले, रेडियम आलं, फ्लेक्स आला. प्रत्येक वेळी दोघांनी मिळून शिव्या दिल्या आणि मिळून शिकून घेतलं. यंदा दसऱ्याला मात्र केरबानं एकट्यानंच मशीन आणलं. त्याचा पेढा आकारामच्या घशाखाली उतरेना. तालमीच्या ढाली केरबाकडं गेल्या, शाळेच्या ट्रॉफ्या गेल्या, आकारामच्या सख्ख्या मेहुण्याची पाटीसुद्धा तिकडंच गेली. मशिनीचा सर्रसर्र आवाज गल्ली ओलांडून यायचा आणि आकारामची जेवणावरची वासना उडायची. हेवाच होता तो, दुसरं काही नाही.

त्यात एक गोष्ट फार सलत होती. दसऱ्याआधी केरबा टेप घेऊन आला होता. आकारामच्या दगडी चौकटीला टेप लावून, “लईच अरुंद हाय की रं तुझं दार,” म्हणून हसला आणि निघून गेला. तेव्हा काही कळलं नाही. मशीन आलं आणि आकारामला अर्थ लागला.

“माझ्यात असलं मशीन मावणार न्हाई, हे दाखवाय आलतं बेणं,” तो बायकोला म्हणाला.

“इचारायचं तरी, कशाला मोजतायसा म्हणून,” तानाबाई म्हणाली.

“इचारायचं काय त्यात? माज आलाय त्येला.”

त्यानंतर केरबा संध्याकाळचा पायरीपर्यंत यायचा, घुटमळायचा. आकाराम मान वर करायचा नाही. आणि स्वतःच्या दाराकडं तर त्यानं बघायचंच टाकलं होतं.

मशीन टेम्पोतून उतरलं तेव्हा गल्ली गोळा झाली. तानाबाईनं नारळ फोडला. हमालांनी जोर लावला आणि मशीन दगडी चौकटीत जाऊन थांबलं. तिरकं केलं, मागं घेतलं, पुन्हा घातलं. पेठेत सल्ल्याला तोटा नाही. कुणी चौकट काढा म्हणालं, कुणी भिंत पाडा म्हणालं. आकारामनं हात लावून पाहिलं. नेमकी वीतभर जागा कमी पडत होती.

समोरून केरबा आला. आकारामला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं.

“हस की!” तो केरबावर ओरडला. “त्या दिवशी टेप लावून हसलास, आता गल्लीदेखत हस!”

केरबा हसला नाही. हमालांना म्हणाला, “दमू नका रं. माझ्यात न्हेऊन ठेवा, माझं दार दोन फळ्यांचं हाय. पर पाडव्यापातूरच. मालकानं गाळा मोकळा कराय सांगितलंय, जावयाला दुकान काढून देणार हाय त्यो.”

आकारामनं मशिनीवरचा हात काढला. “कवा सांगितलं?”

“दसऱ्याच्या आधीच.”

“आणि जागा जाणार म्हाईत असून मशीन घेतलंस? खुळा का काय तू? कुठं घालणार हुतास?”

“तुझ्यात.” केरबा मान खाली घालून बोलत होता. “आता एकट्यानं जमंना गड्या. म्हणलं, दोघं एकाच दुकानात बसू. इचाराय कितींदा आलतो पायरीवर. तू वर बघंनास.”

हमाल थांबले होते. तानाबाईनं पदर तोंडाला लावला. आकारामनं समोरच्या दुकानातल्या त्या लहान मशिनीकडं पाहिलं, मग चौकटीत अडकलेल्या आपल्या मशिनीकडं. केरबानं पुढं होऊन मशिनीवरची नारळाच्या पाण्याची ओल बाहीनं पुसली.

“मी बी पयलं हेच पसंत केलतं,” तो म्हणाला. “पर तुझ्या दारातनं जाईना.”