घरातलंच माणूस

"आई, अगं पिन राहिली यात!" चिमीनं बटण दाबून स्कॅनर थांबवला आणि अर्धवट आत गेलेला कागद हळूच मागे ओढला.

खाली सतरंजीवर फायलींच्या गराड्यात आई बसली होती. तिनं चष्मा वर सरकवून कागद उजेडात धरला. "पिन कुठली? गंज आहे तो. पिन मघाच काढली मी. तुला आपलं उगाच घाबरायला काहीतरी हवं."

चिमी हसली. घाबरणं खोटं नव्हतं, पण. एखादी पिन आत गेली की काचेवर ओरखडा उठतो आणि पुढच्या प्रत्येक पानावर उभी रेघ येते. स्कॅनर नवा होता, काम पहिलंच होतं. एका दवाखान्याचे जुने केसपेपर. हे नीट झालं तर तिथल्या तळघरातल्या सगळ्या फायली तिच्याकडे येणार होत्या.

आईनं डोक्याला जुना टॉवेल गुंडाळला होता, अंगात विटका गाऊन. बोथट सुरीच्या टोकानं ती पिना उचकटत होती, मुडपलेले कोपरे अंगठ्यानं सरळ करत होती, एवढ्याएवढ्याशा चिठ्ठ्या कोऱ्या कागदावर चिकटवत होती. धुळीनं तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात दवाखान्याच्या मॅनेजरबाई. इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र. "इकडूनच चालले होते, म्हटलं तुमचं ऑफिस बघून जावं."

फोनवर चिमीनं ऑफिस म्हटलं होतं खरं. हाताखाली माणसं आहेत, असंही म्हटलं होतं. ऑफिस म्हणजे ही बाहेरची खोली, आणि हाताखालची माणसं म्हणजे आई. आईला उठून आत जायचं होतं, पण पायांना मुंग्या आलेल्या आणि चहूकडे कागद. ती तशीच बसून राहिली.

बाईंची नजर टॉवेलवर गेली, गाऊनवर गेली. "आणि या…?"

"मावशी," चिमी म्हणाली. "कामाला आहेत."

जीभ चावायलाही उसंत मिळाली नाही. आईचा हात कागदावर जरासा थांबला, इतकंच. मग ती भिंतीचा आधार घेत उठली, खुर्चीवरच्या फायली उचलल्या, खुर्ची हातानं झटकली. "बसा ना, बाई."

स्वतः मात्र उभीच राहिली.

"मावशी, जरा पाणी देता का?" बाईंनी विचारलं.

आईनं पाणी आणलं. एक ग्लास बाईंना दिला, दुसरा चिमीपुढे ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली. चिमीला तो ग्लास उचलवेना.

बाईंनी तयार गठ्ठ्यातली चार पानं उलटून पाहिली. "छान केलंय हो! आमच्याकडे हेच काम कुणाला दिलं तर निम्मी पानं फाडून ठेवतात." मग मान वळवून म्हणाल्या, "किती वर्षं आहात यांच्याकडे?"

आईला खोटं बोलता येत नसे. लहानपणी दारात कुणी आलं की वडील आतून "नाही म्हणून सांग" म्हणत, आणि आई "ते नाही म्हणून सांगतायत" असं सांगून मोकळी व्हायची. आता बोलेल, चिमीला वाटलं. बोल बाई एकदाची, असंही वाटलं.

"यांच्या जन्मापासून," आई म्हणाली.

"अगं बाई! म्हणजे घरातल्याच झालात की."

"तसंच म्हणायचं."

बाई मोकळेपणानं हसल्या. चिमीही हसली. आपण हसतोय हे ध्यानात आलं तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. अजूनही सांगता आलं असतं. "अहो, थट्टा केली, आई आहे माझी," एवढंच म्हणायचं होतं. पण मघाशी जे सहज जमलं असतं, त्याला आता धीर लागत होता, आणि बाई तर उठल्याच.

"उरलेल्या फायली पाठवते मी तुमच्याकडेच," दाराशी त्या म्हणाल्या. "फक्त या मावशींना सोडू नका हं. अशी माणसं मिळत नाहीत हल्ली."

"नाही सोडणार," चिमी म्हणाली.

दार लागलं. कडीवरचा हात तिनं बराच वेळ काढला नाही. वळली तेव्हा आई पुन्हा सतरंजीवर बसली होती आणि सुरी शोधत होती.

"आई, अगं, माझ्या तोंडून एकदम…"

"मोठं काम मिळालं ना? मग झालं तर."

चिमी तिच्याजवळ बसायला वाकली. चहूबाजूंनी फायली, बसायला जागाच नव्हती. ती तशीच ओणवी उभी राहिली. आईनं गठ्ठा जमिनीवर आपटून कडा जुळवल्या, पानं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून एकदा फुलवली आणि तो वर धरला.

"झाला हा," आई म्हणाली. "घ्या."

चिमीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. आई नेहमीसारखीच दिसत होती, भुवयांवर धूळ घेऊन, पुढच्या फायलीकडे बघत. आपण लेकीला 'घ्या' म्हणालो हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

चिमीनं दोन्ही हात पुढे करून गठ्ठा घेतला.