पिवळा झेंडा

राहू गावचा अलीम एका शेठच्या खासगी यॉटवर खलाशी होता. सुट्टीला आला की बायकोला, हसीनाला, एकच गोष्ट रुबाबात ऐकवायचा. परक्या देशाच्या पाण्यात शिरलं की आधी पिवळा झेंडा चढवायचा, आन् तिथला कस्टमचा साहेब तपासून हो म्हणेपर्यंत कुणी बोटीतनं पाय खाली टाकायचा न्हाई.

यंदा गावातल्या एसटीडीवर फोन करून ईदला येतो म्हणाला आणि उगवला ईद होऊन दोन महिन्यांनी. तोवर हसीना रुसून भीमेपलीकडं माहेरी गेलेली. नावाडी शेखलालमामांच्या होडीत बसून तो तिला आणायला निघाला. होडी काठाला लागतीय तोच घाटावरनं हसीनाचा आवाज आला.

"उतरायचं न्हाई. तुमची हद्द मागं ऱ्हायली. आधी पिवळा झेंडा लावा."

मामांनी गालातल्या गालात हसत वल्हं पुढं केलं. अलीमनं बॅग उघडली, तिच्यासाठी परदेशातून आणलेली पिवळीधमक ओढणी काढली आणि वल्ह्याला बांधून उंच धरली.

हसीना पायऱ्या उतरून आली. तिनं त्याला नखशिखांत न्याहाळलं, ओढणी सोडवली आणि डोक्यावर घेतली.

"झेंडा जप्त. माणूस उतरू द्या, मामा."