टोमॅटोवरचा करपा

चौऱ्याण्णव साली गालातली गाठ काढल्यावर योगीराजने तंबाखू सोडली. त्याचं मन रमावं म्हणून त्याच्या बायकोने, शालनने, मल्लेश्वरमच्या त्यांच्या भाड्याच्या घरात, गच्चीवर, तेलाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो लावून दिले. सकाळ-संध्याकाळ तो वर झाडांपाशी असायचा आणि खाली शालन देवाचे आभार मानायची.

मग पानांवर तपकिरी डाग पडू लागले.

"स्वल्प करपा आहे," योगीराज म्हणाला. "डागाळलेली पानं मी खुडतो. तू नको चढूस, तुझे गुडघे दुखतात."

औषध फवारूनही डाग हटेनात, तेव्हा एका सकाळी शालन स्वतःच वर गेली. करप्याच्या डागात गोल गोल वलयं असतात, असं तिला नर्सरीत सांगितलं होतं. इथे वलयं नव्हती, नुसते शिंतोडे होते. तिने ओल्या बोटाने पान चोळलं, तर डाग पुसला गेला. बोट नाकाशी नेलं. तंबाखूची थुंकी! याच झाडांच्या टोमॅटोचं सार ती महिनाभर पोरांना वाढत होती.

ती गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन भडाभडा ओकली.

मागोमाग योगीराज धापा टाकत वर आला. "करपाच ना?" त्याने ओठ जेमतेम हलवत विचारलं.



"तोंड उघडा," शालन म्हणाली.