जप्तीबाहेरचं सोनं

"हात नका लावू! स्वयंपाकाची भांडी जप्त होत नाहीत," वंदना पदर खोचून दारातच उभी राहिली.

"हाव बाई, नाही होत," कोर्टाचे बेलीफ इंद्रभान म्हणाले आणि पुढं लिहू लागले.

वंदनाला कसली आली धास्ती! जप्तीत काय जातं आणि काय राहतं, हे तिच्या नवऱ्यानं, गोकुळनं, तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. कुण्या सिमेंटवाल्याची उधारी होती म्हणे, त्यानंच वॉरंट आणलेलं. गोकुळ सकाळीच जानेफळहून मेहकरला सटकला होता. पण गडी हुशार! असेल नसेल ती शिल्लक मोडून त्यानं तिला पाच तोळ्यांचं मंगळसूत्र केलं होतं.

"बायकोच्या मंगळसूत्राले कोर्टाचा बाप हात लावत नाही," तो म्हणाला होता. असा नवरा मिळाला म्हणून तिला केवढा अभिमान वाटला होता.

बेलीफासोबत एक पोक्त बाई होती. डोक्यावरचा पदर तिनं गळ्याभोवती गच्च लपेटला होता. वस्तू दाखवायचं काम तिचं. सिमेंटवाल्याच्या घरची असेल, वंदनानं ठरवून टाकलं.

"फ्रिज लिहा. टीव्ही लिहा," बाई म्हणाली.

"अन् ही फरशी कापायची मशीन?" इंद्रभाननी विचारलं.

"ते मिस्त्रीचं हत्यार आहे!" वंदना कडाडली. "ते नेता येत नाही."

"राहू द्या, साहेब," बाई म्हणाली. "हत्यारच नेलं तं तो कमावणार काय अन् देणार काय?"

पलंग, गाद्या, कपडे, सगळं वंदनानं असंच सोडवलं. बाईनं एकदाही हुज्जत घातली नाही. ती फक्त वंदनाच्या गळ्याकडं पाहत होती.

"काय पाहून राह्यली व बाई?" वंदनानं मंगळसूत्र मुद्दाम पदरावर काढलं. "पाच तोळ्याचं आहे. पण नेता येत नाही. काय हो साहेब, लग्नाच्या बायकोचं मंगळसूत्र जप्त होते काय?"

"नाही होत," इंद्रभान म्हणाले आणि त्यांनी त्या बाईकडं पाहिलं.

बाईनं गळ्याभोवतीचा पदर सोडला. आत काळ्या दोऱ्यात ओवलेल्या दोन वाट्या होत्या.

"मंग माह्यं राहू द्या, साहेब," ती म्हणाली, "अन् तिचं पोटगीत लिहा."